मॉनिटर निळा, भिंत पिवळी

चार-पाच वर्षांपूर्वी बडोद्यात वासणा-भायली रस्त्यावरच्या एका नव्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट शूट केला होता. तीन बेडरूम, फिक्या राखाडी टाइल्स, हस्तिदंती भिंती, वर पीओपीचं पांढरं छत. रात्री दांडिया बझारातल्या घरी बसून लॅपटॉपवर फोटो नीट केले आणि सकाळी पाठवून दिले. अर्ध्या तासात बिल्डरच्या पुतण्याचा फोन. "काका, आ भींत तो पीळी लागे छे!"

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. भिंत कुठे पिवळी होती? चांगली हस्तिदंती दिसत होती. पोराच्या फोनचा पडदा बिघडला असणार असं म्हणून सोडून दिलं. दुपारी दलालाचाही तोच निरोप आला. मग बायकोच्या फोनवर पाहिलं, मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. सगळीकडे भिंती हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारख्या. त्या सोज्वळ दिसत होत्या त्या एकट्या माझ्याच लॅपटॉपवर.

कॅमेऱ्यातून फोटो ठीक आला होता. माझ्या लॅपटॉपचा पडदा निळसर होता, म्हणून मला तो निळा दिसला आणि मी एडिटिंगमधला रंगाचा स्लायडर पिवळ्याकडे ओढत नेला. माझ्या पडद्यावर रंग जागेवर आला तेव्हा फाइलमध्ये पिवळा चढला होता. पडद्याची खोट फोटोत अशी उलटी उतरते. निळा पडदा पिवळे फोटो देतो, हिरवट पडदा गुलाबी, आणि झगझगीत पडदा अंधारे. ही उलटापालट लक्षात आली की कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्याचे रंग आणि उजेड मापाने लावून घेणं, कशासाठी हे निम्मं समजलंच.

जुन्या दुकानात तागडीवर तेल मोजायचे तेव्हा आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात खडे टाकत आणि काटा मधोमध आणत. त्याला आपण धडा करणं म्हणतो. बडोद्यात हा शब्द गुजरातीतही तसाच, धडो. धडा न करता मोजलं तर प्रत्येक माप तेवढ्याच फरकाने चुकतं, आणि सगळं त्याच तागडीवर मोजत असल्यामुळे मोजणाऱ्याला ते कधी कळत नाही. मॉनिटर कॅलिब्रेट करणं म्हणजे पडद्याचा धडा करणं.

"पण मी वीस वर्षं रंग बघतोय, डोळ्याने लावतो की," असं आमच्या धंद्यातले पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणायचो. अडचण डोळ्याच्या हुशारीतच आहे. संध्याकाळी गल्लीतून घरी येताना खिडकीतला पिवळ्या बल्बचा उजेड चांगला केशरी दिसतो. आत जाऊन पाच मिनिटं बसा, त्याच उजेडात वर्तमानपत्राचा कागद पांढराच वाटायला लागतो. समोर जे सगळ्यांत पांढरट असेल त्याला डोळा पांढरं मानतो आणि बाकीचे रंग त्यावरून लावून घेतो. जगायला ही सोय फार उत्तम, नाहीतर सकाळचं आणि संध्याकाळचं दूध आपल्याला वेगवेगळं वाटलं असतं. मॉनिटरसमोर मात्र ती घात करते. पडदा निळा असो की पिवळा, दहा मिनिटांत डोळा त्याच्याशी जुळवून घेतो आणि 'सगळं ठीक आहे' असा अहवाल देतो.

सवयीचंही तसंच. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी आधी त्याची छापील चित्रं घरच्या भिंतीवर पाहिलेली असतात, उन्हाने उडालेली, धुराने काळवंडलेली. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटतं की याचेच रंग काहीतरी वेगळे आहेत. जे रोज पाहिलं ते बरोबर वाटतं. रोजचा लॅपटॉपही असाच बरोबर वाटत असतो.

आता पडद्याच्या पोटात काय चालतं ते पाहू. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे आहेत असं समजा. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात, प्रत्येक दिव्याला ० ते २५५. तिन्ही २५५ म्हणजे 'तिघेही पूर्ण पेटा' एवढा हुकूम. हुकूम पाळल्यावर पांढरा कसा निघेल हे त्या पॅनलवर आणि मागच्या दिव्यावर अवलंबून. पाककृतीत 'मीठ चवीपुरतं' लिहितात तसलाच प्रकार, दहा घरी दहा चवी. आजच्या बहुतेक पडद्यांमागचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर देऊन पांढरा उजेड काढलेला असतो. वय वाढलं की त्याचा रंगही हलतो. त्यात कारखान्यातून पडदे बहुधा निळसर आणि भगभगीत लावून येतात, कारण दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या मॉनिटरांमध्ये तसलाच पडदा उठून दिसतो.

धडा करताना तीन गोष्टी ठरवायच्या: पांढरा कुठला, उजेड किती, आणि मधल्या छटा कशा चढायच्या.

पांढऱ्याचं माप केल्विनमध्ये असतं. जुना पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास, भर दिवसाचा उजेड साडेपाच ते साडेसहा हजार. आकडा वाढेल तसा रंग निळ्याकडे जातो, हे थोडं विचित्र वाटतं पण पाठ करून टाका. पडद्यासाठी जगभर ठरलेला पांढरा डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन. छापखान्याची मंडळी डी५० वापरतात. घरांचे फोटो आज पडद्यावरच पाहिले जातात, तेव्हा आपल्याला डी६५ पुरे.

उजेडापाशी जरा थांबतो, कारण माझ्या मते घरांचे फोटो रंगापेक्षा उजेडाने जास्त बिघडतात. पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात. नवा मॉनिटर पूर्ण उजेडावर २५० ते ३५० निट देतो. एडिटिंगसाठी हवेत १०० ते १२० निट, आणि खोली अंधारी असेल तर ८०-१०० सुद्धा चालतात. म्हणजे आपण गरजेच्या दुप्पट-तिप्पट उजेडात बसलेलो असतो. मग होतं काय, की हॉलचा फोटो उघडल्यावर तो डोळ्यांवर येतो, आपण एक्सपोजर खाली आणतो, कोपरे थोडे दाबतो, 'मूड' आला म्हणतो. ग्राहक तोच फोटो पाहतो तेव्हा त्याला एक कोंदट, अंधारा फ्लॅट दिसतो. खोली लहान वाटते. दलाल म्हणतो लाइट कमी पडली. लाइट भरपूर होती हो, आपणच ती पुसली. ज्यांचे फोटो सतत काळे येतात त्यांना मी कॅमेऱ्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस विचारतो, आणि दर वेळी उत्तर शंभर टक्के असंच येतं. बऱ्याच मॉनिटरांवर ही पट्टी पंचवीस-तीसवर आणली की १२० निटच्या जवळपास पोचतो. पहिले दोन दिवस मेणबत्तीच्या उजेडात काम करतोय असं वाटेल, नंतर सवय होते.

तिसरी गोष्ट गॅमा, म्हणजे फाइलमधला आकडा वाढतो तसा उजेड कसा चढतो त्याचं माप. आकडा निम्मा म्हणजे उजेड निम्मा असं नसतं. गॅमा २.२ असेल तर १२८ या आकड्याला पूर्ण उजेडाच्या फक्त २२ टक्के उजेड निघतो, आणि आपल्या डोळ्याला तो साधारण मधला वाटतो. हाच गॅमा १.८ असेल तर १२८ ला २९ टक्के निघेल आणि फोटो फिका, धुतल्यासारखा दिसेल. २.२ ठेवा आणि पुढे चला.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल हे दोन शब्द लोक एकच समजून वापरतात. आमच्या घरात एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे, ते दहा मिनिटं पुढे पळतं. त्याला दोन उपाय. एक, काटे फिरवून वेळ नीट लावायची. हे कॅलिब्रेशन. दुसरा, खाली चिठ्ठी चिकटवायची, 'दहा मिनिटं पुढे आहे', म्हणजे बघणारा मनात वजा करून घेईल. ही चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. व्यवहारात दोन्ही लागतात. काटे शक्य तितके फिरवायचे आणि जी चूक उरते ती चिठ्ठीत लिहायची. फोटोशॉप, लाइटरूम हे चिठ्ठी वाचतात. पुष्कळ साधे फोटो-व्ह्यूअर वाचत नाहीत. एकच फोटो एकाच मॉनिटरवर दोन प्रोग्रॅमांत वेगळा दिसतो त्यामागे बहुधा हेच असतं, आणि याच्या शोधात माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

काम कसं करायचं ते सांगतो. पडद्यावर ठेवायचं एक मोजयंत्र मिळतं, कलरिमीटर. डेटाकलरचा स्पायडर आणि कॅलिब्राइटची यंत्रं आपल्याकडे जास्त दिसतात. सोबत त्यांचं सॉफ्टवेअर येतं. शिवाय डिस्प्लेकॅल हे मोफत मिळतं, ते आतून आर्गिल नावाच्या मोफत प्रणालीवर चालतं. यंत्र स्वस्त नाही, पण रोज लागतही नाही. आम्ही चौघांनी मिळून एक घेतलं आहे, ते गोत्री, मांजलपूर, रावपुरा असं फिरत असतं. परत करताना पुसून डबीत ठेवायचं एवढाच नियम, आणि तोही एक जण पाळत नाही.

मॉनिटर अर्धा तास आधी सुरू ठेवायचा, गार पडद्याचा रंग स्थिर नसतो. पडद्यावर थेट ऊन नको. खोलीतला उजेड साधा पांढरा हवा, आणि हे फक्त त्या दिवशी नाही, रोज एडिटिंगला बसतानाही. मागे केशरी पडदा, अंगात लाल टी-शर्ट असेल तर त्याचं प्रतिबिंब मॉनिटरवर पडतं. मी कामाला बसताना राखाडी किंवा काळा सदरा घालतो, घरचे हसतात. मग आपोआप उजेड किंवा रंग बदलणाऱ्या सगळ्या सोयी बंद करायच्या. रात्रीचा नाइट लाइट, अॅपलवर असाल तर ट्रू टोन, मॉनिटरमधला इको आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, सगळं. ही बटणं चालू ठेवून कॅलिब्रेट करणं म्हणजे हलत्या गाडीत तागडी धरणं.

यंत्र पडद्याला टेकवलं की सॉफ्टवेअर आधी मॉनिटरच्याच बटणांनी ब्राइटनेस आणि लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण लावायला सांगतं. ही पायरी कंटाळवाणी म्हणून लोक टाळतात. टाळू नका. मॉनिटरवर जेवढी दुरुस्ती होईल तेवढी तिथेच करावी, कारण उरलेली ग्राफिक्स कार्डाला करावी लागते आणि त्याच्याकडे बहुधा २५६ च पायऱ्या असतात. फार ओढाताण केली की त्यातल्या काही पायऱ्या गळतात. एरवी ते लक्षात येत नाही, पण खिडकीपासून आत अंधुक होत जाणारं पांढरं छत हा आपल्या धंद्यातला रोजचा विषय, आणि नेमके त्यावर पट्टे पडलेले दिसतात. लॅपटॉपवर ही बटणं नसतात, तिथे ब्राइटनेस लावून बाकीचं कार्डावर सोडावं लागतं. पुढे यंत्र रंगांचे चौकोन एकेक करून वाचत बसतं, तेवढ्यात चहा होतो. शेवटी प्रोफाइल तयार होऊन बसतं. पांढरा एलईडी म्हातारा होत जातो, म्हणून हे महिन्याने पुन्हा करायचं. मी मॉनिटरच्या पाठीवर तारखेची चिकटपट्टी लावतो.

यंत्र नसेल तर? पांढरा कागद पडद्याशेजारी धरून जुळवा असा सल्ला फिरत असतो. झेरॉक्सच्या कागदात तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून निळसर चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि शिवाय कागद दिसतो खोलीतल्या उजेडात. तेव्हा तो उपाय जाऊ द्या. ब्राइटनेस खाली आणा, मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी (पडद्यांसाठी ठरलेलं रंगांचं प्रमाण) किंवा ६५०० केल्विन असा पर्याय असेल तर तो निवडा. कडेला गेलेला काटा पूर्ण नाही, पण बराचसा मधल्या बाजूला सरकतो.

आता 'इतका काटेकोरपणा कशाला' हा प्रश्न. दोन रंगांमधलं अंतर मोजायला डेल्टा ई हे माप आहे. ढोबळपणे, एकच्या खाली फरक डोळ्याला जाणवत नाही. दोन-तीनपर्यंत दोन रंग शेजारी ठेवले तरच कळतो. पाच-सहा झाला की कोणीही सांगेल. लाल साडीच्या फोटोत थोडा फरक पडला तर खपून जातो. घराच्या फोटोत मात्र साडी नसते. भिंत, छत, टाइल्स, सिंक, पडदे, सगळं पांढऱ्या-राखाडीच्या आसपास घुटमळतं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात डोळा फार चिकित्सक असतो. रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड उघडून हस्तिदंती, मलई, मोतिया, लिनन असल्या नावांचे चौकोन पाहा. शेजारच्या दोन चौकोनांतला फरक अनेकदा इतका थोडा असतो की मॉनिटरची चूक त्याच्याहून मोठी असेल, तर आपण ग्राहकाला दुसऱ्याच शेडचं घर दाखवतोय. घरधन्याने बायकोशी आठ दिवस वाद घालून निवडलेली ती शेड असते हो.

यातून मॉनिटर विकत घेतानाचं माझं मतही निघतं. स्वस्त लॅपटॉपच्या खोक्यावर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. एनटीएससी हे टीव्हीचं जुनं रंग-प्रमाण; त्याचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग. कॅलिब्रेशनने पडद्यात नसलेले रंग येत नाहीत. पण असे पडदे गमावतात ते भडक रंग, बागेतली हिरवळ, जास्वंदीचा लाल. भिंतीचा राखाडी त्यांना जमतो. तेव्हा घरांच्या फोटोंसाठी प्रचंड रंगांच्या महागड्या मॉनिटरपेक्षा साधा आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी याचा रंग फारसा हलत नाही) आणि एक कलरिमीटर ही जोडी मी केव्हाही घेईन. फक्त टीएन पॅनल नको. मान जरा खाली-वर केली की त्याचा रंग बदलतो, मग मोजून काय उपयोग.

फाइल बाहेर काढताना एसआरजीबीत बदलून, प्रोफाइल जोडून काढा. हे प्रमाण एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात बसणारे रंग मोजकेच, त्यावर टीकाही पुष्कळ होते. पण ज्या फोटोला चिठ्ठी नाही तो एसआरजीबीच असणार असं बहुतेक ठिकाणी गृहीत धरलं जातं. अॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या प्रमाणात पाठवलेला फोटो चिठ्ठी न वाचणाऱ्या पडद्यावर मरगळलेला दिसतो.

आता सगळ्यांत वाजवी शंका. ग्राहक फोटो पाहणार फोनवर, तोही व्हॉट्सअॅपवर आलेला, आणि त्याचा फोन काही कॅलिब्रेट केलेला नाही. मग आपण का मरायचं? समजा कुणाचा फोन थोडा निळा, कुणाचा थोडा पिवळा. फाइल मधोमध असेल तर प्रत्येकाला त्याच्या फोनपुरतीच चूक दिसते, आणि त्या फोनवर इतर सगळे फोटोही तसेच दिसत असल्याने त्याचा डोळा तिला सरावलेला असतो. फाइलमध्येच पिवळा भरलेला असेल तर निळ्या फोनवाल्याचं कदाचित निभावेल, पण पिवळ्या फोनवाल्याला दुप्पट पिवळा दिसेल. आपल्या हातात आपलीच चूक तेवढी आहे, ती काढून टाकायची. शिवाय ग्राहक याच फोटोच्या शेजारी दुसऱ्या दहा फ्लॅटचे फोटो पाहत असतो, पिवळेपणा तिथे लगेच उघडा पडतो.

एक मात्र कबूल करायला हवं, मॉनिटर शुद्ध झाला म्हणून शूट शुद्ध होत नाही. खिडकीतून निळसर उजेड, छतात ३००० केल्विनचे पिवळे एलईडी, स्वयंपाकघरात पांढरी ट्यूब, आणि शेजारच्या बंगल्याच्या हिरवळीवरून उसळून आत आलेला हिरवट प्रकाश. एकाच भिंतीवर चार रंग असतात, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कुठला धरायचा ती दुरुस्ती, साऱ्या फोटोला एकच. याचा बंदोबस्त जागेवरच करावा लागतो. शक्य असेल तिथे दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात काढा, नाहीतर छतावर फ्लॅश मारून सगळ्याला एका रंगात आणा, आणि प्रत्येक खोलीत एक फोटो ग्रे कार्ड, म्हणजे रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड, धरून घ्या. चांगला मॉनिटर एवढंच करतो की हा गोंधळ तुम्हाला ग्राहकाच्या आधी दिसतो.

त्या वासणा-भायलीच्या स्कीमचे फोटो मी फुकट दुरुस्त करून दिले. पुढच्या खेपेला त्यांच्या सेल्स ऑफिसात गेलो, तर तिथे मोठ्या टीव्हीवर माझेच फोटो फिरत होते, टीव्ही 'व्हिविड' मोडवर. भिंती बर्फासारख्या निळ्या, सोफा पेटल्यासारखा. मी रिमोट मागून 'सिनेमा' मोड लावला. बहुतेक टीव्हींवर तोच डी६५ च्या जवळ असतो. रिसेप्शनवरची मुलगी लगेच म्हणाली, "काका, हे तर पिवळं झालं." मी म्हटलं, दहा मिनिटं राहू दे. पाणी आलं, चहा आला, बिल्डरशी पुढच्या स्कीमचं बोलणं झालं. निघताना तिला विचारलं, अजून पिवळं दिसतंय का? तिने टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुठे काय? बरोबर तर आहे."

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा कुणीतरी पुन्हा व्हिविड करून ठेवलं होतं.